डोंगराकडची खिडकी

श्वासकाकांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं, आणि ते बिचारं शेवटपर्यंत तिथेच राहिलं. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालून डावीकडे वळलं की लागणाऱ्या गार खोलीत एक्स-रे काढले. "श्वास घ्या... रोखा... हलू नका... हं, सोडा." दिवसातून साठ-सत्तर वेळा तरी हेच. अख्ख्या गावाचे श्वास त्यांच्या हुकुमाने थांबत आणि सुटत, म्हणून ते श्वासकाका. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी सवयीने, "चला, पुढचे कोण?" म्हटलं, तर पुढे उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघांचे हात शर्टाच्या बटणांकडे गेले होते म्हणतात. तिसरा नवीन राहायला आलेला असावा.

या माणसाला गर्व एकाच गोष्टीचा होता. एक्स-रे काढताना फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं एक बारीक अक्षर ठेवतात. उजवी बाजू असेल तर एक, डावी असेल तर दुसरं. चौतीस वर्षांत काकांचं अक्षर एकदाही चुकलं नाही. घरात त्यांनी कधी कुणात डावं-उजवं केलं नाही, पण दवाखान्यात उभा जन्म डावं-उजवं करण्यातच गेला. एका मोठ्या सर्जनला त्यांनी ऐन वेळी अडवलं होतं, "साहेब, पाय उजवा आहे," आणि साहेबांनी हातातली कात्री ठेवून आधी फिल्म पाहिली होती, मग काकांकडे, मग बराच वेळ जमिनीकडे. नव्या पोरांना काका पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायचे. "फिल्म बघताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून आहे असं समजायचं. त्याचं उजवं ते आपलं डावं. हे एकदा रक्तात भिनलं की माणूस चुकत नाही."

काकांच्या ते रक्तात भिनलं होतं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

काका निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच लेकीकडे गेली होती, दूरच्या शहरात, बाळंतपणासाठी. लेकीने फोन केला. "बाबा, आता दोघांनीही या. तुम्ही आणि आत्या. विमानाची तिकिटं मी काढते. बस-बिस काही नाही, आत्याचे गुडघे काय म्हणतात माहितीये ना?"

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण, अक्का. वय एकोणसत्तर, आवाज तीस वर्षांच्या मुकादमाचा. ती शेजारीच बसून लसूण सोलत होती. काकांना वाटलं, विमान म्हटल्यावर ही नाही म्हणेल. पण अक्काने सोलायचं थांबवून विचारलं, "विमान डोंगरावरून जातं?"

"डोंगराच्या कडेकडेने जातं म्हणे."

"मग घाट दिसत असेल."

घाट हा त्या घरात साधा शब्द नव्हता.

आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा अक्का सतरा वर्षांची होती आणि काका सहा. डोंगरावरून पलीकडच्या खोऱ्यात जाणारा रस्ता तेव्हा नुकता खोदायला घेतला होता. अक्काने भावाला पायथ्याच्या गावातल्या शाळेत घातलं, मास्तरांच्या घरी ठेवलं, आणि स्वतः खडी फोडायला वर गेली. बर्फ वितळलं की काम सुरू, बर्फ पडलं की बंद. असे सात हंगाम. दर हंगामाला रस्ता एक वळण वर चढायचा आणि अक्का त्याच्याबरोबर. सातव्या वळणाला दरीच्या बाजूने दगडी भिंत घालत होते, तेव्हा हातोड्याखालून एक कपची उडाली आणि अक्काचा डावा डोळा घेऊन गेली. खाली याच दवाखान्यात आणलं. डोळा वाचला नाही, पण दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला काम मिळालं. पुढे तिनेच एक्स-रेच्या साहेबांपुढे भावाला उभं केलं होतं. "हुशार आहे. हलू नको म्हटलं तर हलत नाही," ही तिची शिफारस.

रस्ता पुरा झाला, त्यावरून गाड्या धावू लागल्या, पण अक्का त्या वाटेला कधी गेली नाही. काकांनी दोनदा बसचं विचारलं होतं. "रस्त्यावरून रस्ता दिसतो होय रे?" ती म्हणाली होती. "ताटावर बसलेल्या माशीला ताट दिसतं का? मी सात वर्षं माझ्यापुढचे दहा हात बघितले. आता बघायचा तर सगळा बघायचा. एकदम."

आणि आता ती विचारत होती, मग घाट दिसत असेल. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात उजव्या डोळ्याबद्दल सांगितलं होतं, जपा, जे बघायचं ते बघून घ्या. अक्का त्यावर फक्त, "बघायचं म्हणजे काय, तुमचं बिल?" एवढंच म्हणाली होती, पण काकांनी ते वाक्य बरोबर घरी आणलं होतं.

मग काका कामाला लागले. नकाशा पसरला. विमान उत्तरेला जाणार, डोंगर पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताची खिडकी. अक्काचा चालू डोळाही उजवा. उत्तम, मानही वळवायला नको. विमान दुपारचं घ्यायचं, म्हणजे ऊन पश्चिमेकडून डोंगरावर पडेल. सकाळचं घेतलं तर सूर्य डोंगरामागून थेट डोळ्यांत. रांग पंखाच्या बरीच पुढची, नाहीतर घाटाऐवजी पत्रा बघत बसायचं. दिवस पावसाळा सरल्यानंतरचा आणि बर्फाच्या आधीचा. एवढा अभ्यास त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळी केला नव्हता, असं बायको फोनवर म्हणाली. "केला असता तर बरं झालं असतं," हेही म्हणाली.

लेकीने विमानातल्या बैठकीचं चित्र फोनवर पाठवलं. छोटं विमान, मधे वाट, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या: ए-बी एकीकडे, सी-डी दुसरीकडे. विमानाचं नाक वर, शेपटी खाली. काकांनी फोन हातात घेतला, खिडकीच्या उजेडासमोर धरला, मान थोडी तिरकी केली. डोकं वर, दोन बाजूंना दोन हात. पेशंटच तो!

"ए," ते म्हणाले. "चौथ्या रांगेतलं ए आणि बी."

"बाबा, ए डावीकडे ना?"

"तुझ्या डावीकडे. विमानाच्या उजवीकडे."

"नक्की?"

"अगं, चौतीस वर्षं! बापाला डावं-उजवं शिकवतेस?"

लेकीने तिकिटं काढली. साक्षात सर्जननेही जिथे ऐकलं होतं, तिथे तिने काय वाद घालावा?

प्रवासाच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अक्काने ठेवणीतली शाल घेतली आणि चष्मा तीनदा पुसला, दोन्ही काचा, जणू डाव्या काचेवर अन्याय नको. विमानाच्या पुढच्या दारातून दोघं आत शिरली आणि शेपटीकडे चालू लागली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या रांगेतली ए खुर्ची उजव्या हाताला होती.

"बघ," काका म्हणाले, "उजवीकडे."

"तू सांगितल्यावर असणारच," अक्का म्हणाली, आणि आत सरकून, वळून, खिडकीत बसली. काका तिच्या शेजारी बसले, पट्टा बांधला, कौतुकाने खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांचा हात पट्ट्यावरच राहिला.

खिडकी अक्काच्या डाव्या हाताला होती.

त्यांनी डोळे मिटून पुन्हा उघडले. खिडकी हलली नव्हती. आपण शेपटीकडे तोंड करून चालत आलो आणि नाकाकडे तोंड करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि पाठोपाठ हेही, की विमान काही आपल्याकडे तोंड करून उताणं झोपलेलं नसतं. ते आपल्याकडे पाठ करून निघून जातं. त्याचं उजवं तेच आपलं उजवं. शेंबड्या पोरालाही कळेल असं. फक्त एक्स-रेवाल्याला नाही.

"काय रे, घाम का फुटला?" अक्काने विचारलं. "पोटात कळ आली?"

"अक्का, मी चुकलो."

"कशात?"

"डोंगर त्या बाजूला आहे."

अक्काने अख्खी मान वळवून डावीकडच्या खिडकीतून उजव्या डोळ्याने बाहेर पाहिलं. सपाट माळ, दोन चिमण्या, एक पाण्याची टाकी. मग ती काकांकडे वळली. तिच्या तोंडावर राग दिसता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे. वरून टाकीही कधी पाहिली नव्हती," आणि हात मांडीवर ठेवून बसली. ते ऐकून काकांना विमानातून उतरून सरळ घरी पळावंसं वाटलं, पण तोवर विमान उडालं होतं.

वाटेच्या पलीकडे डी खुर्चीत, म्हणजे डोंगराकडच्या खिडकीत, एक गृहस्थ होते. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात हातभर लांब कॅमेरा. शेजारी सी खुर्चीत त्यांची बायको विणकाम करत होती. पट्टे बांधायची खूण विझली तसे काका अर्धवट उठून वाकले.

"साहेब, एक विनंती होती. माझ्या बहिणीला दहा मिनिटं तुमच्या जागी..."

"माफ करा," गृहस्थ सभ्यपणे म्हणाले. "ही जागा मी महिन्याआधी निवडली आहे. नकाशा बघून. पंखाच्या पुढे, दुपारचं ऊन, स्वच्छ दिवस. गेल्या वर्षी ढग आले, त्याआधीच्या वर्षी पंख आला. हे तिसरं वर्ष. मी फक्त या दहा मिनिटांसाठी आलोय."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. समोर जणू आपणच टोपी घालून बसलोय, फक्त बरोबर बाजूला.

"अहो, द्या ना," बायको सुई न थांबवता म्हणाली. "तीन वर्षं तोच डोंगर. तो काही दाढी वाढवून येणार आहे का?"

"तू मधे पडू नकोस गं."

"मी मधेच बसलेय. तुम्हीच बसवलंय."

"बाळ्या, खाली बस," अक्का म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांचा बाळ्या खाली बसला. "माणूस तीन वर्षं वाट बघतोय. त्याला उठवायचं नाही." मग ती वाटेपलीकडे बोलली, धुलाईखान्यातल्या यंत्रांवर मात करणाऱ्या आवाजात. "दादा, तुम्ही बसा तिथंच. फक्त दिसेल ते मला सांगत चला. मी इथून ऐकते. चालेल?"

"चालेल की!" गृहस्थांची सुटका झाली. तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला: उजवीकडे पर्वतरांग दिसू लागेल. गृहस्थांनी कॅमेरा काचेला लावला.

"काय दिसतंय?" अक्का.

"वा! अप्रतिम!"

"अप्रतिम राहू दे. रस्ता आहे का?"

"रस्ता... आहे. एक रेघ दिसतेय. अजून पुढे आहे जरा."

"किती वळणं?"

"असतील चार-पाच."

"असतील म्हणजे? मोजा. सात हवीत."

"मावशी, मी फोटो..." पण त्यांनी मोजायला सुरुवात केली होती. "पाच... सहा... थांबा, हे धरायचं का?"

"तिसऱ्या वळणाला सपाट जागा आहे? दोन खोल्यांएवढी?"

"इतक्या वरून दोन खोल्या कशा दिसतील?"

"तिथं आमच्या झोपड्या होत्या. बरं, सगळ्यात वरच्या वळणाला दरीकडून भिंत आहे दगडी. उभी आहे की कोसळली?"

गृहस्थांनी कॅमेरा डोळ्यापासून बाजूला केला. तीन वर्षांत डोंगराबद्दल त्यांना असं कुणी विचारलं नसावं. "भिंत आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी घातली ना. मी म्हणजे आम्ही चाळीस जणांनी. एक डोळा तिथंच ठेवून आले, म्हणून विचारते."

विणकामाची सुई थांबली. "अहो," बायको म्हणाली, आणि या वेळच्या 'अहो'त थट्टा नव्हती.

पण गृहस्थ आधीच उठले होते. टोपी वरच्या कप्प्याला आपटून पडली, कॅमेऱ्याचा पट्टा खुर्चीच्या हाताला अडकला, तो सोडवताना ते बायकोच्या लोकरीत गुंतले. "या मावशी, लवकर या, आत्ता बरोबर समोर येतोय!" एका बाजूने काकांनी आणि दुसऱ्या बाजूने त्या बाईंनी धरून अक्काला डी खुर्चीत पोचवलं. हवाई सुंदरी धावत आली. "सर, वाटेत उभं राहू नका." "मग बसू कुठे?" म्हणत गृहस्थ परत जागेवर बसलेल्या काकांना ओलांडून ए खुर्चीत येऊन पडले, लोकरीचा एक धागा मागे ओढत.

काकांना त्या घाटातलं काहीही दिसलं नाही. त्यांच्या जागेवरून दिसत होतं अक्काचं डोकं, मागून, आणि काचेवर टेकवलेला तिचा हात. खडीने जाड झालेली, मग साबणाने पांढरी पडलेली बोटं. त्यातलं एक बोट काचेवरून सावकाश सरकू लागलं. एकीकडे, मग दुसरीकडे. पुन्हा एकीकडे. काका मनात मोजत होते. सातव्याला बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. काकांनी इतका वेळ श्वास रोखून धरला होता हे त्यांना तो सुटल्यावर कळलं.

शेजारून गृहस्थ हळूच म्हणाले, "मी दोन वर्षं तो रस्ता फोटोतून काढून टाकत होतो. डोंगर शुद्ध दिसावा म्हणून." "साहेब, तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले, आणि त्यांनी गृहस्थांचा हात इतका घट्ट दाबला, की हाडं नीट मोजता आली असती.

डोंगर मागे पडला तशी अक्का परत आली. गृहस्थ आपल्या जागी गेले.

"दिसला?" काकांनी विचारलं.

"दिसला."

"सगळा?"

"अरे, केवढासा आहे!" अक्का म्हणाली. "माझ्या मनात केवढा मोठा होता. वरून बघितला तर दोरा. तुझ्या त्या काळ्या फिल्मवर बोटाचं हाड दिसतं ना, तसा पांढरा. आणि त्यावरून गाड्या चालल्यात, मुंग्यांसारख्या. वरच्या वळणाला एक बस आली. मला वाटलं, आता थांबते, आता चालक खाली उतरून बघतो. पण नाही रे. सरळ वळली आणि गेली. भिंतीच्या भरवशावर."

"म्हणजे भिंत आहे."

"आहे म्हणजे? तिची सावली पडलीय!" मग तिने आवाज खाली आणला. "चौथं वळण तेवढं वाकडं आलंय. मी तेव्हाच मुकादमाला म्हटलं होतं."

काका हसले. "मला काहीच दिसलं नाही बघ."

"हात दे," अक्का म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. तिने तळवा उघडून मांडीवर ठेवला आणि मनगटापासून बोट फिरवायला सुरुवात केली. "हे पायथ्याचं गाव. तुझी शाळा. इथं पहिलं वळण, तू पहिलीत होतास, रडायचास. इथं दुसरं. हे तिसरं, इथं आमच्या झोपड्या. तुला गोवर आला तो इथं, मास्तरांनी निरोप धाडला, मी रात्रीतून उतरून आले. हे चौथं, वाकडं. तुला पहिले बूट घेतले. पाचवं. इथं तू नापास होता होता राहिलास."

"आजारी होतो मी."

"आजारी! गणितात आजारी. हे सहावं. इथं तू स्वतः पत्र लिहिलंस पहिल्यांदा. मला वाचता येत नव्हतं, मुकादमाने वाचून दाखवलं सगळ्यांसमोर. आणि हे सातवं."

तिचं बोट मधल्या बोटाच्या मुळाशी येऊन थांबलं. काका वाट बघत होते. सातव्या वळणाला काय झालं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"इथं," अक्का म्हणाली, "तू सातवीत पहिला आलास."

काकांना पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांच्या घरात एकमेकांचे आभार मानायची रीत नव्हती. उपकार परक्यांचे मानायचे, ते मघाशी मानून झाले होते. कॅप्टनने विमान उतरायला लागल्याचं सांगितलं. हवाई सुंदरी येऊन, पट्टे नीट बांधा, म्हणून गेली. काकांनी पट्टा एका हातानेच ओढला. दुसरा हात त्यांनी अक्काच्या मांडीवरून काढला नाही.

"पुन्हा काढ," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

"अरे, उतरायला लागलं विमान."

"उतरू दे. तू काढ."

"हट्टी आहेस लहानपणापासून," अक्का म्हणाली, आणि बोट पुन्हा मनगटाशी आणून ठेवलं. "हे पायथ्याचं गाव..."